पित्तक्षारांचा एक बंध तोडणारे विकर

जैवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला डीप फ्रीजर उघडला, की विकरांच्या म्हणजे एन्झाइम्सच्या लहान लहान बाटल्यांची रांग दिसते. त्यातल्या एखाद्या बाटलीवर ‘कोलॉइलग्लायसीन हायड्रोलेज’ असे लांबलचक नाव असते. खाली उगम म्हणून क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जीवाणूचा उल्लेख असतो आणि तळाशी चिमूटभर कोरडी पूड. हल्लीच्या संशोधनलेखांत याच विकराला बाइल सॉल्ट हायड्रोलेज किंवा थोडक्यात ‘बीएसएच’ म्हणतात. विकरांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक आहे ३.५.१.२४. त्याचे नेमून दिलेले काम एकच: पित्तक्षारातला एक ठरावीक बंध पाण्याच्या साहाय्याने तोडणे.

काम छोटे दिसते. पण तो बंध तुटला, की त्या रेणूचे पाण्यातले वागणे, पचनातली उपयुक्तता आणि शरीरातला पुढचा प्रवास या तिन्ही गोष्टी बदलतात. या विकराचे प्रयोगशाळेतले मोल त्यातूनच आले आहे. आरोग्याच्या बाजारात त्याच्या नावावर केल्या जाणाऱ्या दाव्यांकडे सावधपणे पाहायला हवे, त्याचेही कारण तेच आहे.

पित्तक्षार कसे घडतात

छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. तो त्रास जठरातल्या आम्लाचा. इथे विषय आहे तो यकृतात तयार होणाऱ्या खऱ्याखुऱ्या पित्ताचा. प्रौढ माणसाचे यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवते. त्यातला पचनाच्या कामाचा मुख्य घटक म्हणजे पित्तक्षार.

पित्तक्षारांचा कच्चा माल कोलेस्टेरॉल. यकृताच्या पेशी कोलेस्टेरॉलवर अनेक टप्प्यांची प्रक्रिया करून कोलिक आम्ल आणि किनोडिऑक्सिकोलिक आम्ल ही दोन पित्ताम्ले तयार करतात. या रेणूला चार कड्यांचा स्टेरॉइड सांगाडा असतो, एका टोकाला छोटी शेपटी असते आणि शेपटीच्या शेवटी २४ व्या कार्बनवर आम्लाचा गट असतो. ही रचना उलगडायला रसायनशास्त्रज्ञांना अनेक दशके लागली. जर्मनीच्या हाइनरिश वीलांड यांना १९२७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते पित्ताम्लांच्या रचनेवरील कामासाठीच.

यानंतर यकृत आणखी एक पायरी पार पाडते. पित्ताम्लाच्या शेपटीला ते ग्लायसीन किंवा टॉरिन जोडते. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. टॉरिन हे गंधकयुक्त संयुग. १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळे केले तेही बैलाच्या पित्तातून. माणसाच्या पित्तात ग्लायसीन जोडलेले पित्तक्षार टॉरिन जोडलेल्यांच्या साधारण तिप्पट असतात. जोडणीच्या जागी तयार होणारा बंध हा अमाइड बंध. आपले विकर नेमका हाच बंध तोडते.

हा बंध शरीराने का घातला, हे समजून घेतले पाहिजे. पित्तक्षार चरबीवर काम करतात ते तेलकट कढईवर साबण करतो तसे. रेणूची एक बाजू चरबीकडे ओढ घेते, दुसरी पाण्याकडे, आणि चरबीचे मोठे थेंब फुटून बारीक होतात. पण त्यासाठी पित्तक्षार स्वतः पाण्यात विरघळलेले राहायला हवेत. जठरातून नुकत्याच आलेल्या अन्नामुळे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आम्लधर्मी असतो. सुटे पित्ताम्ल पीएच ५ ते ६ च्या आसपास आपला विद्युतभार गमावू लागते आणि साका बनून खाली बसते. ग्लायसीन जोडले की ही सीमा पीएच ४ च्या जवळ येते. टॉरिन जोडले तर २ च्याही खाली जाते. म्हणजे जोडलेला पित्तक्षार आम्लातही विरघळलेला राहतो.

दुसराही फायदा आहे. भारित रेणू आतड्याच्या भिंतीतून सहजासहजी झिरपत नाही. त्यामुळे तो चरबीचे पचन संपेपर्यंत आतड्याच्या पोकळीतच राहतो. लहान आतड्याच्या अखेरच्या भागात त्याला उचलून घेणारे खास वाहक प्रथिन असते. तिथून तो रक्तावाटे यकृतात परततो आणि पुन्हा पित्तात उतरतो. शरीरातला पित्तक्षारांचा एकूण साठा अवघा २ ते ४ ग्रॅमचा. तो दिवसातून अनेकदा ही फेरी मारतो आणि दर फेरीत सुमारे ९५ टक्के पित्तक्षार परत मिळवले जातात. दिवसाकाठी साधारण अर्धा ग्रॅम शौचावाटे निघून जातात. ती तूट यकृत नव्या कोलेस्टेरॉलमधून भरून काढते. हा हिशेब लक्षात ठेवायला हवा. पुढे कोलेस्टेरॉलचा मुद्दा येईल तेव्हा तो लागणार आहे.

आपल्याला जमत नाही ते जीवाणूंना जमते

प्रथिनांमधले बंधही अमाइड बंधच असतात आणि ते तोडणारी विकरे आपल्या स्वादुपिंडाच्या रसात भरपूर असतात. तरीही पित्तक्षारातला हा बंध त्या विकरांना दाद देत नाही. आतड्यातले जीवाणू मात्र तो तोडतात. लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम, एन्टेरोकॉकस, क्लोस्ट्रिडियम आणि बॅक्टेरॉइड्स अशा एकमेकांपासून दूरच्या गटांमध्ये बीएसएच सापडते.

जीवाणूंना यातून काय मिळते? पित्तक्षार त्यांच्या पेशीचे आवरण विस्कटतात, म्हणून बंध तोडून त्यांची धार बोथट करणे हा बचावाचा एक मार्ग मानला जातो. शिवाय सुटलेले ग्लायसीन अन्न म्हणून वापरता येते आणि टॉरिनमधले गंधक काही जीवाणूंच्या कामी येते.

एकदा ग्लायसीन किंवा टॉरिन सुटले, की मोठ्या आतड्यात दुसरी फळी कामाला लागते. क्लोस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे मोजके जीवाणू सुट्या पित्ताम्लाच्या सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात. त्यातून कोलिक आम्लाचे डिऑक्सिकोलिक आम्ल होते आणि किनोडिऑक्सिकोलिक आम्लाचे लिथोकोलिक आम्ल. ही दुय्यम पित्ताम्ले आपले यकृत स्वतः बनवत नाही. आधी बीएसएचने बंध तोडल्याशिवाय या साखळीला सुरुवात होत नाही.

प्रयोगशाळेला या विकराची गरज का पडली

पित्ताच्या, रक्ताच्या किंवा मलाच्या नमुन्यात कोणते पित्ताम्ल किती आहे हे मोजायचे, तर पूर्वी मुख्य साधन होते वायू क्रोमॅटोग्राफी. या पद्धतीत पदार्थाची वाफ व्हावी लागते. ग्लायसीन किंवा टॉरिन जोडलेला पित्तक्षार तापवला तरी सहज वाफ होऊन पुढे सरकत नाही. म्हणून आधी तो बंध तोडून पित्ताम्ल सुटे करावे लागते आणि मग त्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्याला वाफ होण्याजोगे रूप द्यावे लागते.

बंध तोडण्याची जुनी रीत दांडगी होती. नमुना तीव्र अल्कलीत घालायचा, नळी बंद करायची आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर तापमान नेऊन कित्येक तास शिजवायचा. बंध तुटायचा, पण कीटोन गट असलेल्या नाजूक पित्ताम्लांची त्यात नासाडी व्हायची. मोजायला घेतलेली वस्तूच मोजण्याच्या तयारीत बिघडली, तर आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?

१९६७ मध्ये पी. पी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्समधील या विकराचा अभ्यास ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये प्रसिद्ध केला. हे विकर तेच काम ३७ अंश सेल्सिअसला, पीएच ५.६ च्या आसपासच्या सौम्य बफरमध्ये करते. स्टेरॉइडच्या सांगाड्याला ते हात लावत नाही. त्यामुळे पित्ताम्लांच्या विश्लेषणात अल्कलीच्या जागी विकर वापरण्याची रीत रुळली.

क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स म्हणजे जखमेत शिरून गॅस गँग्रीन घडवणारा जीवाणू. पण त्याचे विष वेगळे आणि हे विकर वेगळे. १९९५ मध्ये कोलमन आणि हडसन यांनी या विकराचे जनुक वेगळे करून ई. कोलाय जीवाणूत बसवले. रोगकारक जीवाणू न वाढवताही हे विकर मिळवण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

या विकराला मर्यादाही आहेत. पित्ताम्लाला सल्फेट गट जोडलेला असेल, तर ते नीट काम करत नाही. तो गट आधी वेगळ्या प्रक्रियेने सोडवावा लागतो. शिवाय आता द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेले मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेल्या आणि सुट्या पित्ताम्लांची थेट वेगवेगळी मोजणी करतात. तरीही या बाटलीची गरज संपलेली नाही. सर्व पित्ताम्ले एकाच रूपात आणून मोजायची असोत, आलेखातले एखादे शिखर खरेच जोडलेल्या पित्तक्षाराचे आहे का हे पडताळायचे असो, किंवा जीवाणूच्या विकराशी तुलना करायला प्रमाण नमुना हवा असो, हे विकर काढावेच लागते.

विकराची रचना आणि पुण्यातले काम

बंध तोडण्याचे मुख्य काम करते ते सिस्टीन हे एकच अमिनो आम्ल. प्रथिन तयार होते तेव्हा साखळीच्या सुरुवातीला मेथिओनीन असते आणि त्याच्या मागे सिस्टीन. मेथिओनीन कापले गेले की सिस्टीन साखळीच्या टोकाशी उघडे पडते. त्याचा गंधक पित्तक्षाराच्या बंधावर हल्ला करतो आणि त्याचाच अमिनो गट या कामात साथ देतो. मग पाण्याचा रेणू येऊन पित्ताम्ल मोकळे करतो.

२००५ मध्ये बर्लिनमधील वोल्फ्राम सेंगर यांच्या गटाने क्लोस्ट्रिडियमच्या विकराची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. चार सारखी प्रथिने एकत्र येऊन हे विकर बनते. बंध तुटल्यानंतरचे पित्ताम्ल त्याच्या खोबणीत नेमके पकडलेले दिसले, टॉरिनची मात्र तशी खास पकड आढळली नाही. म्हणजे विकर पित्तक्षार ओळखते ते मुख्यतः स्टेरॉइडच्या बाजूने.

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने म्हणजे एनसीएलने महत्त्वाची भर घातली. सी. जी. सुरेश, अस्मिता प्रभुणे, अर्चना पुंडले आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातील डॉडसन दांपत्याबरोबर बायफिडोबॅक्टेरियम लाँगम या आतड्यातल्या उपकारक जीवाणूच्या बीएसएचची रचना उलगडली. त्याआधी १९९९ मध्ये पुणे आणि यॉर्कमधल्या संशोधकांनी पेनिसिलिन व्ही अॅसिलेज या विकराची रचना मांडली होती. हे विकर पेनिसिलिनची बाजूची साखळी तोडते. उरलेल्या गाभ्यापासून अँपिसिलिन, अॅमॉक्सिसिलिनसारखी अर्धसंश्लेषित प्रतिजैविके बनवता येतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्या पुणे परिसरात पेनिसिलिनच्या विकरांना किती महत्त्व असेल हे सांगायला नको.

दोन्ही रचना शेजारी ठेवल्यावर त्यांचे नाते स्पष्ट झाले. घडण तीच, टोकाचे कामकरी सिस्टीनही तेच. एक विकर पित्तक्षार तोडते, दुसरे पेनिसिलिन, आणि दोघांचा पूर्वज एकच. प्रतिजैविकांच्या उद्योगासाठी सुरू झालेल्या अभ्यासातून आतड्यातल्या विकराची वंशावळ हाती लागली, याचे श्रेय मूलभूत संशोधनाला चिकाटीने धरून राहणाऱ्या संशोधकांना द्यायला हवे.

डोळ्यांनी दिसणारी क्रिया

या विकराची क्रिया दाखवायला महागडे यंत्र लागत नाही. लॅक्टोबॅसिलससाठी वापरतात त्या एमआरएस आगारात टॉरोडिऑक्सिकोलिक आम्लाचा सोडियम क्षार अर्धा टक्का मिसळायचा, थोडे कॅल्शियम क्लोराइड घालायचे आणि प्लेट ओतायच्या. दह्यातून किंवा मलाच्या नमुन्यातून वेगळे केलेले जीवाणू त्यावर लावायचे आणि ऑक्सिजनविरहित जारमध्ये ३७ अंशांना दोन-तीन दिवस ठेवायचे. ज्या वसाहतीकडे बीएसएच आहे तिच्याभोवती पांढरे, अपारदर्शक वलय उमटते. जीवाणू टॉरिन तोडतो, सोबत लॅक्टिक आम्ल सोडून माध्यम आंबट करतो आणि सुटे झालेले डिऑक्सिकोलिक आम्ल विरघळलेले राहू न शकल्याने साक्याच्या रूपात बाहेर पडते. लहान आतड्याबद्दल वर जे वाचले, तेच इथे प्लेटवर दिसते. शेजारच्या बीएसएच नसलेल्या वसाहतीभोवतीचा आगार तसाच स्वच्छ राहतो. या प्रकारचे माध्यम डॅशकेविच आणि फाइनर यांनी १९८९ मध्ये मांडले.

वलय ‘आहे की नाही’ एवढेच सांगते. ‘किती’ हे कळायला निनहायड्रिनची चाचणी करतात. विकर आणि ग्लायकोकोलिक आम्ल बफरमध्ये एकत्र करून ३७ अंशांना ठेवायचे. ठरलेल्या वेळी ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल घालून क्रिया थांबवायची, सेंट्रिफ्यूज करून साका खाली बसवायचा, वरचे द्रावण घेऊन निनहायड्रिनबरोबर उकळत्या पाण्यात धरायचे. सुटलेल्या ग्लायसीनमुळे नळी जांभळी होत जाते आणि ५७० नॅनोमीटरवर रंगाची गडदता मोजता येते. एका मिनिटात एक मायक्रोमोल अमिनो आम्ल सोडवणारे विकर म्हणजे त्याचे एक एकक.

विद्यार्थ्यांनी इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. ट्रिस बफर वापरू नये, कारण त्याच्या रेणूत स्वतःचाच अमिनो गट असतो आणि तो निनहायड्रिनला रंग देऊन बसतो. फॉस्फेट किंवा अॅसिटेट बफर घ्यावा. दुसरी गोष्ट सिस्टीनच्या गंधकाची. हवेतल्या ऑक्सिजनने तो बिघडतो आणि विकर थंडावते. म्हणून द्रावणात डीटीटीसारखे क्षपणकारक मोजक्या प्रमाणात घालतात आणि विकर बर्फावर ठेवतात. फ्रीजरमधून काढलेली बाटलीही लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडावी, नाहीतर हवेतला दमटपणा पुडीवर बसतो. पावसाळ्यात तर ही काळजी घ्यायलाच हवी.

रुग्णालय, कोंबड्यांचे खाद्य आणि दही

हाच बंध वैद्यकानेही वापरून घेतला. लहान आतड्यात जीवाणू अवाजवी वाढले का, हे ओळखण्यासाठी १९७१ मध्ये फ्रॉम आणि हॉफमन यांनी श्वासाची चाचणी मांडली. ग्लायसीनमध्ये किरणोत्सारी कार्बन असलेला पित्तक्षार रुग्णाला द्यायचा. जीवाणूंनी बंध तोडला तर सुटलेल्या ग्लायसीनचे विघटन होऊन तो कार्बन उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पित्तक्षार नीट शोषले गेले नाहीत तरी चाचणी होकारार्थी येते, म्हणून पुढे हायड्रोजनच्या श्वासचाचणीने तिची जागा घेतली.

१९८७ मध्ये वर उल्लेख केलेल्या फाइनर आणि डॅशकेविच यांनीच कोंबड्यांच्या खाद्यातल्या अल्पमात्रेतील प्रतिजैविकांचा अभ्यास केला. या प्रतिजैविकांनी कोंबड्यांचे वजन वाढते आणि आतड्यातल्या जीवाणूंची बीएसएच क्रिया घटते, असा संबंध त्यांनी दाखवला. पित्तक्षार न तुटता राहिले तर चरबीचे पचन अधिक चांगले होते, हे त्यामागचे स्पष्टीकरण. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले आणि भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. त्यामुळे बीएसएचला रोखणारा प्रतिजैविकेतर पर्याय शोधण्याला आज अर्थ आहे.

माणसाच्या कोलेस्टेरॉलच्या बाबतीत अपेक्षा नेमकी उलटी आहे. बंध तुटलेले पित्ताम्ल परत शोषले जाण्याऐवजी शौचावाटे अधिक गेले, तर यकृताला तूट भरायला जास्त कोलेस्टेरॉल खर्चावे लागेल. बीएसएच असलेल्या लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या एका वाणावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाले. पण तो निष्कर्ष त्या वाणापुरता, त्या मात्रेपुरता आहे. दह्यातल्या प्रत्येक जीवाणूकडे हे विकर असतेच असे नाही.

याच बंधाने आणखी एक गुंता उलगडला. प्रतिजैविकांच्या माऱ्यानंतर क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जीवाणू आतड्यात उपद्रव करतो, आणि त्याच्या बीजाणूंना अंकुरायला टॉरोकोलिक आम्लाची मदत होते. निरोगी माणसाच्या मलातले जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार का लागू पडतो, याचे उत्तर शोधताना लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये बीएसएचची भूमिका दाखवली. परत आलेले जीवाणू टॉरोकोलिक आम्ल तोडतात आणि बीजाणूंना मिळणारी ही मदत तुटते.

२०२४ मध्ये तर या विकराची व्याख्याच रुंदावली. त्याच्या चार वर्षे आधी आतड्यात फेनिलअॅलानीन, टायरोसीन आणि ल्युसीन जोडलेली पित्ताम्ले सापडली होती, जी यकृत बनवत नाही. ‘नेचर’मधील दोन स्वतंत्र लेखांनी दाखवले, की ही जोडणी बीएसएचच करते. ग्लायसीन किंवा टॉरिन सुटल्यावर पाण्याऐवजी दुसरे अमिनो आम्ल समोर आले, तर तेच विकर त्याला पित्ताम्लाशी जोडते. म्हणजे हायड्रोलेज हे नाव त्याच्या अर्ध्याच कामाचे आहे.

तेव्हा बीएसएच चांगले की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. लहान आतड्यात हा बंध अवेळी तुटला तर चरबीचे पचन बिघडते आणि मोठ्या आतड्यात तो तुटणे हा नित्याचा व्यवहार आहे. औषधाच्या दुकानात ‘कोलेस्टेरॉलसाठी’ म्हणून प्रोबायोटिकचे पाकीट पुढे आले, तर त्यावर जीवाणूच्या वाणाचे पूर्ण नाव आणि मात्रा आहे का ते पाहा, त्या वाणाची माणसांवर चाचणी झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा, आणि चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.